कोरी चिठ्ठी

रामाकोना गावच्या प्रार्थनासभेत एकट्याच्या तोंडची भविष्यवाणी खरी धरत नसत. देवानं मनात घातलेलं ज्यानं त्यानं चिठ्ठीवर लिहायचं, मग पास्टर ते ताडून बघायचे.

त्या रविवारी सभा रत्नमालाच्या ओसरीत होती. आत तिची मुलगी स्नेहल तीन वर्षं खाटेला खिळलेली. तिच्यापाशी संत्र्याच्या बहराचा वास तेवढा चालत जाई.

"माह्या मनात काईच नाई आलं जी, कोरीच देऊन राहिली," रत्नमाला म्हणाली.

"द्या बाई. खोटीपेक्षा कोरी बरी," पास्टर म्हणाले.

पास्टरांनी रत्नमालासह चौघांच्या चारही चिठ्ठ्या उघडल्या आणि तिच्यापुढं सरकवल्या. चारींवर एकच ओळ होती : 'स्नेहल, ऊठ.' चौथीवरचं अक्षर रत्नमालाच्याच वळणाचं होतं.

अजून कोणी ते मोठ्यानं वाचलंही नव्हतं. आत जमिनीवर एक पाऊल टेकलं, मग दुसरं.