सगळ्या टेस्ट पास

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना अडीअडचणीला मदत मागता यावी, म्हणून कंपनीने ॲप बनवलं. फोनची अक्षरं मोठी केली की ॲपमधलं मदतीचं लाल बटण दिसेनासंच होतं, हे हाताने तपासताना टेस्टरच्या लक्षात आलं. तिने मॅनेजरला परोपरीने सांगून पाहिलं.

"टेस्ट घेणारं मशीन ते बटण दरवेळी बरोबर दाबतंय. तुम्ही उगाच खुसपटं काढू नका," म्हणत त्याने तिला उडवून लावलं आणि ॲप बाजारात आणलं.

महिन्याभरात एक बाई तणतणत ऑफिसात शिरली. तिची आई बाथरूममध्ये पडली होती आणि मदत काही पोचली नव्हती.

मॅनेजरने थंडपणे लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघा, सगळ्या टेस्ट पास. तुमच्या आईंनी बटण दाबलंच नसेल."

टेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात बाईने आईचा फोन त्याच्या हातात कोंबला.

"मग तुम्हीच दाबून दाखवा!"

त्याने स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली, चष्मा पुसला.

"पण बटण आहे कुठे?"



"माझी आई दिवसभर फरशीवर पडून तेच शोधत होती."