एकट्यापुरती गादी

‘डोकं फुटतंय,’ तिनं स्वयंपाकघरातून मोबाइलवर लिहून पाठवलं. हाका मारून मारून ती थकली होती, म्हणून आता लिहायची. बाहेरच्या खोलीतून लगेच उत्तर आलं. ती लिंक होती, कपाळाला बांधायच्या गार पट्टीची. खाली नवऱ्यानं लिहिलं होतं, ‘डोकं फुटतंय? मग हे एकदा बघाच.’ ग्रुपवर टाकायच्या आधी तिला तो नुसता जाहिरातीचा नमुना पाठवायचा. पाच मिनिटांत तेच वाक्य इमारतीच्या ग्रुपवर, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आणि मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर पोचलं. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. तो काही हलला नाही.

तिच्या नवऱ्याचा उद्योगच तो होता. त्याच्या लिंकवरून कोणी काही विकत घेतलं, की त्यातलं थोडं कमिशन त्याला मिळायचं. मिक्सर-पंख्यांच्या ज्या दुकानात तो सेल्समन होता, ते बंद पडलं तेव्हा त्यानं हे सुरू केलं. भावंडं त्याला लिंकभाऊ म्हणायला लागली. सुरुवातीला तिला त्याचं कौतुकच होतं. माणूस हातपाय गाळून बसला नाही, आणखी काय हवं?

मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपली प्रत्येक तक्रार बाजारात जातेय. झोप लागत नाही म्हटलं, तर डोळ्यांवरची मऊ पट्टी. पाय सुजलेत म्हटलं, तर पाय बुडवून बसायचा टब. एकदा जेवताना ती म्हणाली, “आपण दोघं बोलतच नाही रे.” त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, चला, आली गाडी रुळावर. संध्याकाळी लिंक आली. नवरा-बायकोनं एकमेकांना विचारायच्या प्रश्नांचे पत्ते, छान डबीत घालून. ग्रुपवर ते पत्ते धडाधड खपले. यांच्या घरात ती डबी कधी आली नाही.

त्यानंतर तिला फारसं काही वाटेनासं झालं. राग यावा, तर तोही येईना. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी वाकवून द्यायची आणि विचारायची, “आता नीट दिसतंय?” एका दुपारी एका म्हाताऱ्या मास्तरांनी नवा चष्मा घातला आणि उलट तिलाच विचारलं, “तू बरी आहेस ना, बाळ?” ती त्यांचा जुना चष्मा उगाच पुसत राहिली. कोणी असं विचारल्यावर काय म्हणायचं असतं, हेच ती विसरली होती.

दुकानाच्या मालकीणबाईंनी ते काउंटरवरून पाहिलं. मास्तर गेल्यावर त्या म्हणाल्या, “वरची खोली रिकामीच पडली आहे. हवी असली तर सांग. कारण मला नको सांगूस.”

तिनं खोली पाहिली आणि हो म्हटलं. पण मनाशी एक ठरवलं. निघायच्या आधी नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, ‘तुला काय होतंय?’ असं तोंडानं विचारलं, तर मालकीणबाईंना नको म्हणून कळवायचं आणि इथंच राहायचं. त्या दिवसापासून ती वाट बघत राहिली. तिनं चेहरा लपवला नाही, की उसनं हसू आणलं नाही. नवरा समोर बसून जेवायचा, भाजीत मीठ कमी आहे हे त्याला बरोबर कळायचं, आणि जेवून तो पडद्याआड जायचा. शेवटी खोलीत लागणाऱ्या वस्तू तिनं त्याच्याच लिंकांवरून मागवल्या. दुसरीकडे शोधत बसायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

त्या संध्याकाळी पडदा सरकला. तो मोबाइल हातात घेऊन चक्क स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. चेहरा फुललेला होता.

“ऐक ना,” तो म्हणाला. “आज एका दमात केवढी खरेदी झाली बघ. एकट्यापुरती गादी. एक उशी. छोटा कुकर. घडीची खुर्ची, तीही एकच. गिऱ्हाइकाचं नाव आपल्याला दिसत नाही, पण कोणीतरी नवं बिऱ्हाड करतंय, हे नक्की. आणि एकटंच आहे बिचारं.”

“हो,” ती म्हणाली.

“मनावर घेऊन केलंय सगळं. चार दिवस राहून परत जाणारं माणूस गादी नाही घेत.” चार वस्तूंवरून त्यानं एका अनोळखी माणसाचं अख्खं आयुष्य ओळखलं होतं. “कोण असेल गं?”

तिनं गॅस बंद केला. ओले हात टॉवेलला पुसले.

“मी,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी दिवसांत त्यानं तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, हातातला मोबाइल खाली आला. मेल्यासारखं झालेलं तिच्या आतलं काहीतरी हललं. तिला वाटलं, आता विचारेल. मालकीणबाईंना नको म्हणून कळवायला ती अजूनही तयार होती.

“अगं, वेडबिड लागलंय का तुला?” तो म्हणाला. “घरातल्या माणसानं आपल्या लिंकवरून घेतलेलं चालत नाही. कंपनीला कळलं, तर माझं खातंच बंद करतील. आधी सगळं रद्द कर.”

“नाही बंद करणार,” ती म्हणाली. “घरातल्या माणसानं नाही घेतलेलं ते.”