जहाजावरची साक्ष

टेलरबाईंना मीठ हवं होतं. तोंडातून निघालं, "सुई."

वकीलसाहेबांनी लगेच मिठाची बाटली पुढे सरकवली आणि टेबलावरच्या बाकीच्यांकडे बघून हसल्यासारखं केलं.

जहाजाच्या जेवणघराला दोन्ही बाजूंनी काचाच काचा होत्या. नदीच्या डाव्या काठावरून एक देश मागे सरकत होता, उजव्या काठावरून दुसरा. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, प्रत्येकापुढे दोन-दोन काटे, मध्ये लोण्याची नाजूक वाटी. जेवण तर राजेशाही होतं, पण टेलरबाईंचा घास तोंडात फिरत होता. मेंदूला झटका येऊन गेल्यापासून हे असंच चाललं होतं. शब्द मनात इस्त्री करून तयार असायचा, ओठांवर येईपर्यंत भलताच होऊन बाहेर पडायचा. वकीलसाहेब तो वरच्यावर झेलायचे आणि वाक्य पुरं करून टाकायचे. दुसऱ्यांच्या वतीने बोलण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता घरातच अशील मिळालं होतं. मनात वाईट काही नव्हतं. बायकोची चारचौघांत फजिती होऊ नये, एवढंच. ही सफरसुद्धा ते रद्द करायला निघाले होते. टेलरबाईंनी मान हलवून हलवून ती वाचवली होती.

टेबलावर आणखी तिघं होती. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आणि दोन नर्स, सख्ख्या बहिणी. सगळे वेगवेगळ्या मुलखांतले. एकमेकांशी बोलायला एकच भाषा होती आणि ती वकीलसाहेब सोडले तर कुणालाच धड येत नव्हती. टेलरबाईंना ती गिऱ्हाइकांपुरती येत होती.

घड्याळवाले आजोबा दुपारची गंमत सांगत होते. नदीतल्या दोन दारांमधल्या हौदात पाणी भरून जहाज वर चढवलं होतं, ती.

"दार बंद. मग पाणी... पाणी वर. आपण पण वर. ते... काय ते..."

शब्द काही सापडेना. त्यांनी काट्याने कापडावर रेघा ओढल्या. तळहात वर वर नेऊन दाखवला. दोघी बहिणी चमचे हातात धरून थांबल्या होत्या. कुणी घाई केली नाही, कुणी कीव केली नाही.

"जिना," आजोबा शेवटी म्हणाले. "पाण्याचा जिना."

सगळ्यांनी पटल्यासारख्या माना डोलावल्या. टेलरबाई हे टक लावून बघत होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"माझ्या दुकानात," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "तिला म्हणायचंय की आमचं शिलाईचं दुकान..."

टेलरबाईंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला.

"वकीलसाहेब," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या. जरा शोधावं लागलं, पण मिळालं. "साक्षीदार... मी."

न्यायाधीशांनी हात वर केल्यावर बसावं तसे वकीलसाहेब मागे टेकले.

मग टेलरबाईंनी सांगितलं. एक जाडा माणूस. दर थोड्या दिवसांनी तोच कोट घेऊन यायचा. म्हणायचा, कापड आखडतं. त्या उसवून द्यायच्या. पुन्हा यायचा, पुन्हा उसवायच्या. शेवटी उसवायला शिवणच उरली नाही. तर म्हणे, हा बघा, बसतो की. आरशासमोर उभा राहिला. पोट आत घेतलं, कोट ओढून बंद केला आणि शिंकला.

"आणि कोटाचं..."

शब्द गेला. पायांखाली इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. वकीलसाहेबांच्या ओठांवर तो शब्द तयार होता. टेबलाखाली त्यांची टाच सारखी आपटत होती. पण ते बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही.

"...बटर," टेलरबाई म्हणाल्या, "उडालं. थेट माझ्या चहात."

घड्याळवाल्या आजोबांनी गंभीरपणे लोण्याच्या वाटीकडे बघितलं. मग स्वतःच्या कोटाकडे. मग जे हसू फुटलं ते आवरेना. धाकट्या नर्सने डोळ्यांना रुमाल लावला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

टेलरबाईंचे कान तापले. एरवी त्या इथेच गप्प झाल्या असत्या, पुढचा सबंध दिवस. पण आजोबा वाटी उचलून कोटाला लावून बघत होते, आणि टेलरबाईंनाही हसू आलं, पोटातून आलं. ही गोष्ट त्यांनी दुकानात कितीदा तरी सांगितली होती. इतकी कधीच रंगली नव्हती.

"हो," त्या ठासून म्हणाल्या. "बटर."

"आणखी?" आजोबांनी विचारलं.

टेलरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "एक वकील. तरुण. कोट शिवायला आला."

"ती नको गं," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

"कोट झाला. तरी यायचा. आज कॉलर घट्ट. उद्या... सैल. काही नव्हतं कॉलरला. बोलायचं होतं." त्यांनी बोटं मिटून-उघडून माशाचं तोंड करून दाखवलं. "असं. रोज असं."

"हे?" थोरल्या नर्सने वकीलसाहेबांकडे बोट दाखवलं. "इतकं छान बोलतात हे."

"तेव्हा, एक शब्द नाही."

वकीलसाहेबांनी पाण्याचा ग्लास ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला. ते बायकोकडे बघत राहिले.

"मग तुम्हीच बोललात?" नर्सने विचारलं.

"नाही," टेलरबाई म्हणाल्या. "शब्द त्याचा होता. मी थांबले."