दहापर्यंत मोजायचं

"आजी, गाडी ठणठणीत आहे. बटण नीट दाबत जा." हिवाळाभर मी त्यांना हेच ऐकवलं, तिसऱ्या खेपेला तर गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर, हसून. हीटरचा पंखा लागत नाही म्हणून त्या त्यांची जुनी गाडी घेऊन यायच्या आणि माझ्यासमोर तो मुकाट फिरायचा. आज बॅटरी उतरली म्हणून मलाच त्यांच्या दारात जावं लागलं. गाडी सुरू करून हीटरचं बटण दाबलं, तर पंखा हलेना. डॅशबोर्डखाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, तसा लगेच घुमू लागला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंख्याच्या मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते. घरून निघताना तो अडून बसायचा आणि माझ्याकडे येईपर्यंत रस्त्यातले खड्डे त्याला ठोकून चालू करायचे. मान वर केली, तर बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "आधी चावी. मग बटण. नीट दाबायचं. दहापर्यंत मोजायचं. नाही लागला तर पुन्हा पहिल्यापासून." शेजारच्या सीटवर गुडघ्यांवर घ्यायची शाल होती. मी खाली मान घालून नवे कार्बन बसवले आणि त्यांना बटण दाबायला सांगितलं. चिठ्ठीवर बोट ठेवून त्या मोजू लागल्या. दोन म्हणायच्या आत पंखा लागला आणि चिठ्ठीचा सुटा कोपरा फडफडला. "आजी, चूक..." मी सुरुवात केली. "माझीच होती हो," त्या खुशीत म्हणाल्या. "आज बघा, कसं नीट दाबलं!"