गोड्या पाण्याची होडी

तापाने डोळे जळत असतानाही जयवंता रिकामे हंडे घेऊन खाडीपलीकडे आला. साथीत बेटावर घरोघरी माणसं पडली होती आणि गोडं पाणी फक्त इथल्या विहिरीवर मिळायचं.

विहिरीवर शेवंती होती. या गावात दिलेली बेटावरची मुलगी. मागच्या महिन्यात, साथ या गावात असताना, ती बापाचं शेवटचं तोंड पाहायला बेटावर आली, तर जयवंतानेच वल्हं आडवं धरून तिला परत पाठवलं होतं. "चेडवा, उतरू नको. रोग येतलो."

आता ती धक्क्यावर आली. "काकानू, उतरू नकात."

त्याने मान खाली घातली आणि होडी मागे लोटायला वल्हं टेकवलं.

शेवंतीने ते दुसऱ्या टोकाला धरलं. "हंडे दिया. तुमका ताप आसा, मी भरतंय."