गाडीखालची कवळी

ऑरिन थुंकला. तंबाखूची तपकिरी पिंक नेमकी मागच्या टायरवर पडली. टायर आधीच बसलेला होता.

"थुंकून हवा भरत नाही," एल्वा म्हणाली.

एल्वा त्याची धाकटी बहीण. दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि हातरुमालालाही इस्त्री करायची. गाडी तिची होती, आणि या क्षणी ती समुद्राच्या तळावर उभी होती. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ओहोटी लागली की बेटावर जायला खडीची वाट उघडी पडते. भरती आली की त्याच वाटेवर चर्चचा कळस बुडेल एवढं पाणी चढतं. इथली माणसं स्वतःच्या लग्नाची वेळ विसरतील, भरतीची विसरत नाहीत. पण ऑरिन बेटावर म्हाताऱ्या मर्टलकडे गप्पा हाणत बसला होता. आता पाणी खडीच्या दोन्ही कडा चाटत होतं.

डिकी उघडली तशी एल्वा तीन पावलं मागे सरली. आत टबभर हेरिंग मासे होते, शेवंडांच्या सापळ्यात आमिष म्हणून घालायचे, चांगले आठवडाभर शिळे. खोटं वाटेल, पण आशेने खाली उतरलेला एक कुरव पक्षी डिकीपर्यंत आला आणि मान फिरवून परत गेला. स्टेपनी त्या टबाखाली होती.

"जॅकखाली ठेवायची माझी फळी कुठाय?" एल्वाने नाक धरून विचारलं.

"ती होय? सापळ्याला तळ हवा होता."

"माझी फळी कापलीस?"

"अर्धीच. अर्धी शेकोटीला घातली."

एल्वाने पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. तोवर ऑरिनने जॅक तसाच खडीमधल्या चिखलात रोवला आणि फिरवायला लागला. गाडी बोटभर वर आली की जॅक अर्धं बोट खाली जायचा. शेवटी चाक कसंबसं जमिनीवरून सुटलं. मग ऑरिनने पान्हा लावून नटाला हिसडे द्यायला सुरुवात केली, आणि त्याच्याबरोबर सगळी गाडीच डुलायला लागली.

"अरे, नट आधी सैल करतात. चाक जमिनीवर असताना!"

"तू आपला ऑर्गन वाजव," ऑरिन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर एवढ्या जोरात हसला, की त्याची वरची कवळी तोंडातून सुटली, चाकावर आपटली आणि गाडीखाली गेली.

ऑरिन पोटावर आडवा झाला.

"नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, ऑरिन. बाहेर ये."

"माझे दात आहेत ते!"

"मरशील!"

"दातांशिवाय काय जगायचं?" कमरेपर्यंत तो आत गेला होता.

जॅक कलला होता. एल्वाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डिकीकडे. मग तिने श्वास रोखला आणि टब आडवा केला. हेरिंगचं राखाडी पाणी तिच्या बाह्यांत शिरलं, मासे बुटांवरून घसरत गेले. त्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून तिने स्टेपनी उपसली, घरंगळत आणली आणि गाडीच्या कडेखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवली.

हात काढते न काढते तोच जॅक लवंडला. गाडी धाडकन स्टेपनीवर बसली.

ऑरिनचे पाय हलेनात. समुद्र तेवढा खडीवर चुळबुळत होता.

"हे चाक मध्येच कुणी आणून घातलं?" आतून आवाज आला. "डोक्याला लागलं ना!"

तो सरपटत बाहेर आला. हातात कवळी. तिला चिखल, शेवाळ आणि हेरिंगचा एक खवला चिकटलेला. ऑरिनने ती विजारीला पुसली. विजार कवळीपेक्षा घाण होती. मग ती तोंडात बसवून त्याने दोनदा टकटक वाजवून पाहिली.

एल्वाने तोंड फिरवलं. पण ओकायलाही वेळ नव्हता. पाणी टायरला लागलं होतं.

"मर्टलने दिलेला मासा आण."

"तो जेवणाला आहे."

"आण म्हणते ना!"

तो खारवून वाळवलेला पोलॉक मासा होता, मधोमध चिरून उघडलेला, परातीएवढा रुंद. इतका कडक, की मर्टलने दोन हिवाळे दाराला अडसर म्हणून वापरला होता. चाक अजून जमिनीला टेकलेलं होतं, तोवर एल्वाने नट सैल केले. मग तिने तो मासा चिखलावर सपाट ठेवला, वर जॅक बसवला आणि स्वतः फिरवायला लागली. मासा करकरला, पण तसूभर खचला नाही. गाडी उचलली गेली. नट निघाले, बसलेलं चाक उतरलं. ते तिने आधी गाडीखाली सरकवलं आणि मगच स्टेपनी ओढून बाहेर घेतली. शेवटचा नट आवळला तेव्हा बुटांत पाणी होतं.

गाडी काठाला लागली तेव्हा तिथे शेजारचा लिअँडर दोर घेऊन उभा होता.

"सुटलात कसे रे?"

मागच्या सीटवरून ऑरिनने डोकं बाहेर काढलं. "अक्कल लागते, बाबा! जॅकचा भरवसा धरायचा नाही. एक चाक आधी गाडीखाली सरकवून ठेवायचं. पण आमच्याकडे सांगितलेलं ऐकतंय कोण?"

एल्वाने आरशात पाहिलं. ऑरिनच्या मांडीवर तो मासा होता. मधोमध जॅकच्या पायाचा चौकोनी ठसा, ठशात चिखल. ऑरिनने नेमकी तिथलीच एक पट्टी ओढून काढली आणि चावायला लागला.

"घे, एल्वा," तो पट्टी पुढे करत म्हणाला. "आता कुठे मऊ झालाय."

एल्वाने काच खाली केली आणि भर रस्त्यात, लिअँडरच्या देखत, खिडकीबाहेर थुंकली.