अरुंधती दिसंना

आठ दिवस झाले, पुसेगावच्या ग्यानोबाला सप्तर्षीतली अरुंधती दिसत नव्हती. ती बारकी चांदणी दिसंनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, असं जुने लोक सांगतात. म्हणून म्हाताऱ्यानं भाकर सोडली अन् अंगणातली बाज धरली.

"आबा, सूर्यापेक्षा मोठी हाय ती. लांब हाय म्हणून बारीक दिसती," नात शीतल वैतागून म्हणाली.

"एवढी मोठी असून दिसंना, मंग माझं झालंच की."

शीतलचं डोकं फिरलं. तिनं बाजेपाशी उभं राहून वर बघितलं, तर तिच्या सोळा वर्षांच्या डोळ्यांनाबी ती दिसंना. समोर खांबावर पंचायतीचा नवा दिवा नुसता भकभकून राहिला होता. तिनं आज्याचीच गोफण काढली अन् एका दगडात अंधार केला.

आजा कितीतरी वेळ वर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "भाकर आण गं."

सकाळी सरपंच दारात. "दिवा कुणी फोडला?"

शीतल तोंड उघडणार, तेवढ्यात ग्यानोबा बाजेवरून उठला.


"म्या फोडला. नजर चांगली हाय माझी."